गोळ्यांचं वेळापत्रक आणि बर्फाचे खडे

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना मागेपुढे झालेलं थोडं सरळ केलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी फोनवर तो सांगितला आणि पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग हळूच विचारण्यात आलं, "तुम्ही बोलणार, की वहिनी बोलणार?" प्रश्न रास्त आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यायची जीवनसत्त्वं आणि पाळीत होणारे बदल, या विषयावर एका सॉफ्टवेअरवाल्या पुरुषाने काय बोलायचं? शस्त्रक्रिया माझ्या बायकोची झाली, पाळीही तिचीच. पण गोळ्यांचं वेळापत्रक मी केलं होतं आणि ते चुकलं होतं, म्हणून मी उभा आहे. तिला विचारूनच उभा आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी थापा मारायला लागलो तर तिथूनच हात वर करणार आहे.

दुसरं म्हणजे मी डॉक्टर नाही. सभागृहात दोन-तीन खरे डॉक्टर दिसताहेत, त्यांनी कृपया चुका काढाव्यात. आणि ज्यांच्या घरी आज लहान मुलं सोबत आहेत त्यांनी काळजी करू नये, मी आज "पाळी" हा शब्द पुष्कळ वेळा वापरणार आहे पण त्यात मुलांनी ऐकू नये असं काही नाही. आमच्या लहानपणी घरात "कावळा शिवला" म्हणायचे आणि मी बरीच वर्षं गॅलरीत कावळे शोधत होतो. तेवढं अज्ञान एका पिढीला पुरे झालं.

तर २०२१च्या जूनमध्ये माझ्या बायकोची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन १०८ किलो, उंची १६० सेंटिमीटर, मधुमेह नुकताच निघालेला आणि अ‍ॅसिडिटी इतकी की रात्री उशा रचून बसून झोपायची. लोक म्हणतात "जरा कमी खा, चालायला जा." तिने दहा वर्षं कमी खाल्लं होतं आणि चालायला गेली होती. दर वेळी पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे. ज्यांना ही शस्त्रक्रिया म्हणजे आळशी माणसाची पळवाट वाटते त्यांच्याशी वाद घालायचा माझा आजचा विषय नाही, चहाच्या वेळी या.

बायपासमध्ये नेमकं काय करतात ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १९६६ साली आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी ही शस्त्रक्रिया वजनासाठी प्रथम केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज ती दुर्बिणीतून करतात. जठराचा वरचा छोटासा भाग, साधारण दोन मोठे चमचे मावतील एवढा, वेगळा करतात आणि लहान आतडं खालून कापून वर आणून त्याला जोडतात. अन्न उरलेल्या मोठ्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर पुणे-मुंबई एक्सप्रेस वे झाला आणि जुन्या रस्त्यावरची गावं बाजूला पडली. दुसरी स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया आहे, तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढूनच टाकतात, पण आतड्याचा रस्ता तोच राहतो.

आता गंमत अशी की बाजूला पडलेल्या गावांतच महत्त्वाचे बाजार होते. आपण खाल्लेलं लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीला शोषलं जातं, कॅल्शियमचाही मोठा भाग तिथेच. शिवाय भाजी-डाळीतलं लोह शोषण्याजोगं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, ते आता छोट्या पिशवीत जवळजवळ नाहीच. बी-१२ची कथा आणखी वेगळी. ते शोषलं जातं आतड्याच्या पार शेवटी, पण त्यासाठी जठराच्या भिंतीतून निघणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून जावं लागतं, आणि अन्नाची त्या भिंतीशी आता भेटच होत नाही. म्हणून गोळ्या आल्या, आणि त्या "वजन उतरेपर्यंत" नाहीत. आयुष्यभर आहेत. हे वाक्य आम्हाला शस्त्रक्रियेआधी चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा आम्ही मान डोलावली.

शस्त्रक्रियेआधीची तिची पाळी कशी होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला पीसीओएस होता. पाळी तीन-तीन, कधी चार महिन्यांनी यायची. इथल्या आणि पुण्यातल्या मिळून पाच डॉक्टरांकडे आम्ही गेलो होतो आणि प्रत्येक वेळी मागणी एकच, पाळी यायला हवी. मूल हवं होतं म्हणूनही, आणि आपण "नीट" आहोत असं तिला वाटायला हवं होतं म्हणूनही.

मला आधी वाटायचं, चरबी म्हणजे नुसतं गोदाम. तसं नाही. चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतं. म्हणजे अंडाशयाखेरीज इस्ट्रोजेनचा दुसरा कारखाना. त्यात इन्सुलिन वाढलेलं असलं की अंडाशयं जास्त पुरुषी संप्रेरकं तयार करतात आणि बीज बाहेर पडायचं थांबतं. बीज बाहेर पडलं नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही, आणि प्रोजेस्टेरॉन नाही तर गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत बसतं. मग कधीतरी चार महिन्यांनी सगळं एकदम.

शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन फार लवकर उतरतं, वजन नीट उतरायच्या आधीच. तिची मधुमेहाची गोळी तर दुसऱ्या आठवड्यात बंद झाली. पुढे वजन उतरत गेलं तशी बीज सुटायची प्रक्रिया परत सुरू होते. बऱ्याच जणींची पाळी काही महिन्यांत नियमित होते. मध्ये काही महिने गोंधळाचेही असतात, दोनदा येते, लांबते, जास्त जाते. काहींची खाणं फार कमी झाल्याने उलट थांबतेही. थांबली तर पहिली चाचणी गर्भारपणाची करा, त्याबद्दल पुढे सांगतो.

आमच्याकडे ऑक्टोबर २०२१पासून पाळी दर महिन्याला यायला लागली. बायकोने त्या दिवशी शिरा केला होता. स्वतःला दोन चमचेच चालायचा, तरी केला.

आता माझ्या वेळापत्रकाकडे येतो.

पहिले काही महिने मी घरूनच काम करत होतो. आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला होता. सकाळी मल्टीव्हिटॅमिन, दिवसातून तीनदा कॅल्शियम, कारण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शोषलं जात नाही. लोह वेगळं, कॅल्शियमपासून किमान दोन तास लांब, चहा-कॉफीपासूनही लांब. मी कणकेच्या डब्यावर घड्याळ ठेवून एखाद्या शाळेच्या घंटेसारखा ते सांभाळत होतो. मार्च २०२२मध्ये क्लायंटकडचा प्रवास पुन्हा सुरू झाला. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. बायकोचीही नोकरी, तिच्या मीटिंगा, दिवसातून पाच अलार्म. ती म्हणाली, हे फार होतंय. मी म्हटलं, सोपं करतो.

आमच्या धंद्यात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. पाच कामं वेगवेगळ्या वेळी चालत असतील तर त्यांची एकच बॅच करायची. मी रविवारी रात्री सात कप्प्यांचा डबा भरायचो. प्रत्येक कप्प्यात सगळ्या गोळ्या एकत्र, आणि एकच अलार्म, सकाळी आठचा. आठला ती चहा घेते, तेव्हा विसरणार नाही असा माझा हिशेब. विसरली नाहीच. सहा महिने एकही दिवस न चुकता तिने लोह, कॅल्शियम आणि चहा एकत्र घेतलं. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात, आणि उरलंसुरलं शोषायला आतड्याचा तो भागच वाटेत नाही. शिवाय "चव बरी" म्हणून मल्टीव्हिटॅमिन मी गमीजचं आणलं होतं. मुलांच्या जेलीसारखे ते तुकडे. बहुतेक गमीजमध्ये लोह नसतंच. डबीच्या मागची बारीक अक्षरं मी वाचली नव्हती. क्लायंटच्या दोनशे पानी करारातली बारीक अक्षरं मी वाचतो.

कागदावर आणखी एक ओळ होती. रक्ततपासणी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दर वर्षी. तीन आणि सहाची केली. बाराव्या महिन्यात, म्हणजे जून २०२२मध्ये, माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. विमानतळ, नायगारा, सगळं ओघाने आलं. तपासणीची वेळ मी पुढे ढकलली, आणि मग ती पुढेच राहिली.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात रात्री एक आवाज यायचा. फ्रिजच्या दारातून बर्फाचे खडे पेल्यात पडल्याचा. आधी झोपताना एकदा, मग दोनदा, मग मध्यरात्री. बायको पेलाभर बर्फ कडाकडा चावून खायची. मी म्हणायचो, दात जातील. आई म्हणायची, घशाला थंड लागेल. ती म्हणायची, काय माहीत, हवासाच वाटतो. मंडळी, हे लिहून ठेवा. बर्फ चावावासा वाटणं हे शरीरातलं लोह संपत आल्याचं चांगलं ओळखीचं लक्षण आहे. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही त्याच कुळातलं. लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आपण हातावर फटके दिले. ज्या देशात फ्रिजच्या दाराला हात लावला की बर्फ पडतो तिथे हे लक्षण आणखीच लपून जातं.

जिना चढताना ती मध्ये थांबायची. केस गळत होते. आईचं निदान होतं, "एवढंसं खाते, अंगात काय राहणार?" म्हणून अळिवाचे लाडू, खजूर, आणि रोज बीट. बीट लाल म्हणजे त्यात रक्त, असा आपल्याकडे जुना हिशेब आहे. बिटात लोह फारसं नसतं. अळिवात असतं, पण तिला एका वेळी पाव लाडू जायचा. आईचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. तिने निदान बघितलं तरी.

४ सप्टेंबर २०२२, रविवार. लेबर डेची जोडून सुट्टी आणि त्याच दिवशी गौरीपूजन. घरी पंचवीस माणसं जेवायला. बायको पाटावरून उठली, देवघराच्या दाराला हात लावला आणि तशीच खाली बसली. बसली असं मला वाटलं. ती पडली होती.

इमर्जन्सीत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८. बाईचं १२ च्या वर असावं लागतं. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, ४. नर्सने आकडा वाचला आणि परत एकदा पडद्याकडे पाहिलं.

मग स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या. साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी बायकोला विचारलं, पाळी आहे का आत्ता? हो, दुसरा दिवस. पॅड किती वेळाने बदलावं लागतं? दीड तासाने. रात्री? रात्री दोनदा उठते, गादीवर टॉवेल घालते. गुठळ्या जातात का? हो. किती मोठ्या? बायकोने अंगठा आणि तर्जनी जोडून दाखवलं. कधीपासून? फेब्रुवारी.

मी खुर्चीवर बसून मोजत होतो. फेब्रुवारी ते सप्टेंबर आठ पाळ्या. टॉवेल मला माहीत नव्हता. रात्री ती उठते ते बर्फासाठी, एवढंच मला माहीत होतं.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "येत नव्हती तेव्हा पाच डॉक्टर केले. आता येते तर जास्त येते म्हणून तक्रार कोणाकडे करू? आई तर कॅलेंडर बघून खूश होत्या." आणि थोड्या वेळाने, "तू डबा भरत होतास ना. मला वाटलं त्यात सगळं आहे."

(इथे मी पाणी प्यायलो. छापताना हे वगळायचं होतं, बायको म्हणाली राहू दे.)

आता जमाखर्च सांगतो, कारण तो मला त्या रात्री कळला आणि आधी कळला असता तर बरं झालं असतं. शरीर रोज अन्नातून साधारण एक ते दोन मिलिग्रॅम लोह घेतं, आणि साधारण एक मिलिग्रॅम काही न करताही जातं. रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर तो अतिस्राव. म्हणजे महिन्याला ४० मिलिग्रॅम जादा खर्च, रोजचा हिशेब केला तर सव्वा मिलिग्रॅमच्या वर. शस्त्रक्रियेआधी तिची पाळी वर्षातून तीन-चारदा यायची, म्हणजे तिच्याही नकळत बचत होत होती. नंतर एकाच वर्षात खर्च तिप्पट झाला, बायपासने जमेची खिडकी जवळपास बंद झाली, आणि जी फट उरली होती तिच्यावर मी कॅल्शियम आणि चहा लावून ठेवला. हिमोग्लोबिन लगेच पडत नाही, शरीर आधी साठा मोडतं. म्हणून नुसतं "हिमोग्लोबिन नॉर्मल आहे" यावर समाधान मानू नका, फेरिटिनही बघायला सांगा.

रक्त चढवायचं का यावर चर्चा झाली. शेवटी शिरेतून लोह दिलं, आठवड्याच्या अंतराने दोन वेळा. सोनोग्राफी केली आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. "सर्जरीनंतर पाळी बदलतेच" हे खरं असलं तरी प्रत्येक जादा रक्तस्राव त्या खात्यात टाकायचा नसतो. ज्यांचं वजन बरीच वर्षं जास्त होतं आणि पाळी लांबत होती त्यांना अस्तराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून बघून घेतात. रिपोर्टला पाच दिवस लागले. चांगला आला. ते पाच दिवस मी क्लायंटला काय सांगितलं ते आठवत नाही.

आता आमच्या घरचं वेळापत्रक. आकडे तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेले आहेत, तुमचे वेगळे असू शकतील. लोह रात्री झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, तेव्हा चहा नाही आणि कॅल्शियम नाही. पाळी येणाऱ्या बाईला या शस्त्रक्रियांनंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं असं अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बेरियाट्रिक सर्जरीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तर पुरुषाला १८ पुरू शकतं. म्हणजे नवरा-बायको दोघांची सर्जरी झाली असेल तर एकाच डबीतून भागवू नका, हा प्रश्न मला खरंच विचारला गेला होता. कॅल्शियम दिवसातून तीनदा, आणि ते सायट्रेट. दुकानात जे स्वस्त मिळतं ते बहुधा कार्बोनेट असतं, त्याला विरघळायला आम्ल लागतं. गमीज आता शेजारच्या मुलांना. चहा बंद झालेला नाही, तो बंद केला असता तर घटस्फोट झाला असता. फक्त लोहापासून लांब गेला.

बी-१२ ती जिभेखाली विरघळणारी गोळी घेते. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी इथे कान द्यावेत. बी-१२ वनस्पतीत नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं. यकृतातला साठा एरवी काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता सावकाश दिसते. पण आपल्यापैकी बरेच जण मुळात रिकाम्या गोदामानेच शस्त्रक्रियेला जातात. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा ही लक्षणं रक्तक्षयाच्या आधीही येऊ शकतात आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. आणि थायमिन, म्हणजे बी-१. ते तर काही आठवड्यांतच संपतं. शस्त्रक्रियेनंतर सारख्या उलट्या होत असतील तर "होईल बरं" म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. थायमिन संपलं तर मेंदूवर परिणाम होतो.

उपासाला गोळी चालते का, असं एका मावशींनी मागे विचारलं होतं. चालते मावशी. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा, तिच्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात.

केस. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, वजन भराभर उतरल्यामुळे, आणि ते बहुधा परत येतात. सगळ्या जणी मग बायोटिन घ्यायला लागतात. घ्या, पण रक्ततपासणीच्या आधी सांगा. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही चाचण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली तशी सूचनाच काढली होती. इंजिनिअर म्हणून मला हे सगळ्यात भीतीदायक वाटतं. यंत्र बिघडलं तर कळतं, मीटर बिघडलं तर नाही.

आता खास आपल्या घरांतल्या दोन गोळ्या. दर वेळी भारतातून येणाऱ्या बॅगेत पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटं असतात, मेफेनॅमिक अ‍ॅसिडची. इथली आयबुप्रोफेन त्याच जातीची. बायपासनंतर ही जात टाळायची. नव्या जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो आणि तो रक्त गाळतो, म्हणजे पुन्हा लोहाचा खर्च. साधं पॅरासिटामॉल, म्हणजे इथलं टायलेनॉल, चालतं. आमच्या घरी अशी चार पाकिटं निघाली. कोणी दिली ते सांगत नाही, प्रेमाने दिली होती.

दुसरी गोळी पूजेआधी पाळी पुढे ढकलायची. गौरी, सत्यनारायण, मुंज. सभागृहात ती कोणी घेतलीच नसेल असं मला वाटत नाही. ती घ्यावी की नाही, पाळीत पूजा करावी की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी. पण ती संप्रेरकाची गोळी आहे आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका तिच्यामुळे वाढू शकतो. शस्त्रक्रियेच्या आसपास तो धोका मुळातच वाढलेला असतो. म्हणून घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा. ती औषधांच्या यादीत लिहायची असते हेच आपल्या लक्षात येत नाही. बायकोने फॉर्मवर कधीच लिहिली नव्हती, कारण तिच्या मते ते औषध नव्हतं, सोय होती. २०२२च्या गौरीला तिने ती घेतली नव्हती, आणि आपण "बाजूला" आहोत हे कोणाला सांगितलंही नव्हतं. पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला. आईला हे इमर्जन्सीत कळलं. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. आई म्हणाली, "अगं, सांगायचं नाहीस का, बसवलं असतं ना तुला." घरी येऊन गौरी उतरवेपर्यंत आरती तिनेच केली आणि त्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही.

राहिलं गर्भारपण. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नका असं सांगतात, कारण तेव्हा आईचंच पोषण धड नसतं. पण नेमकं तेव्हाच बीज सुटायला लागलेलं असतं. ज्या जोडप्यांना वर्षानुवर्षं मूल झालं नाही त्यांना वाटतं आपल्याला काळजी घ्यायची गरज काय? गरज आहे. आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवत नाहीत, त्या पुरेशा शोषल्या जातील याची खात्री नसते. तिला संप्रेरकवाली लूप बसवली, तिने दोन्ही कामं केली, रक्तस्रावही खूप कमी झाला. डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिन १२.४ आलं. फ्रिजचा आवाज त्याआधीच, दुसऱ्या सलाईननंतर दहा-बारा दिवसांत थांबला होता. मी एका रात्री जागाच होतो, ऐकत.

आता बरेच जण शस्त्रक्रियेऐवजी आठवड्याची इंजेक्शनं घेतात. त्यांचा विषय वेगळा, पण त्यांच्यातही वजन उतरलं की पाळी परत येते, आणि टिर्झेपॅटाइड घेत असाल तर गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलची सूचना त्याच्या माहितीपत्रकातच आहे. बारीक अक्षरांत. वाचा.

गोळ्यांचा डबा अजून मीच भरतो. फरक एवढाच की आता दोन डबे आहेत, आणि दर महिन्याला मी एक प्रश्न विचारतो. पहिल्यांदा विचारला तेव्हा ती इतकी हसली की उत्तरच दिलं नाही. आता "बरं आहे, चार पॅड" असं सांगते, मीही ते लिहून ठेवतो आणि वर्षाच्या तपासणीला बरोबर नेतो.

प्रश्नोत्तरांआधी चहा आहे अशी चिठ्ठी आत्ताच आली आहे. डॉक्टर मंडळी मागच्या टेबलाजवळ थांबणार आहेत. ज्यांनी आत्ता थोड्या वेळापूर्वी लोहाची गोळी घेतली असेल त्यांनी घड्याळ बघून मग कप उचलावा. बटाटेवडे मात्र कधीही.